मिलिंद डोक्यावर फिरायचा

मिलिंद,

वाडीत सगळे म्हणतायत की तू डोक्यावर फिरायचास म्हणून गेलास.

विहिरीवर म्हणतात, गिरणीत म्हणतात. काल चिपळूणच्या स्टँडवर एक ओळखीची बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्या नाचानंच घात केला गो तुझ्या भावाचा. डोक्यातली शीर तुटली म्हणे." कुणी सांगितलं, असं विचारलं तर म्हणाली, सगळेच बोलतायत. तेवढ्यात तिची एसटी लागली आणि ती खिडकीत जाऊन बसली. मी खालून ओरडून तिला सांगत होते की शीर नाही तुटली, ताप होता. गाडीच्या आवाजात तिला ते ऐकू गेलं नसावं. तिला ऐकायचंही नसावं.

तुझ्या उशाशी मी होते. डॉक्टरांनी आबांना आणि मला बाजूच्या खोलीत बसवून सांगितलं की मेंदूच्या आवरणाला सूज आली आहे, हा जंतूंचा आजार आहे, तान्ह्या बाळालाही होतो. मी मुद्दाम विचारलं, कारण पुढे काय बोललं जाणार ते मला तेव्हाच दिसत होतं. डॉक्टर, हा डोक्यावर फिरायचा, नाच करायचा, त्याचा काही संबंध? ते म्हणाले, अजिबात नाही. आबांनी ते ऐकलं. मान खाली घालून ऐकलं, पण ऐकलं.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना तो मनमिळाऊ होता, कष्टाळू होता असं लिहायची रीत आहे. तू मनमिळाऊ नव्हतास. तुला न आवडलेल्या माणसाशी तू हवापाण्याचंसुद्धा बोलायचा नाहीस. कष्टाळू म्हणावं तर घरचा लाकूडफाटा आणायला तुला मी ढकलून पाठवायचे. तू नाचायचास. एवढंच लिहायचं आहे मला, आणि ते नीट लिहायचं आहे, कारण आता त्याचंच बोट धरून लोक तुला बदनाम करतायत.

सुरुवात मला आठवते, कारण मी तिथे होते. पंच्याऐंशीचा मे महिना. आयटीआय करून तू स्टँडजवळच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात लागला होतास. दाभोळच्या इस्माईलभाईंचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला आला होता. ते बोटीवर नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचे. मालक म्हणाला, नाजूक वस्तू आहे, एसटीच्या टपावर टाकू नको, हातातून पोचव. बालवाडीला सुट्टी होती म्हणून मीही निघाले. गुहागरच्या गाडीत तू तो खोका मांडीवर घेऊन बसला होतास. पुढे वेलदूरहून होडीने खाडी ओलांडली, तेव्हाही तू तो खाली ठेवला नाहीस. खारं पाणी उडेल म्हणून अंगातला शर्ट काढून त्यावर घातलास आणि गंजीफ्रॉकवर दाभोळला उतरलास. मला लाज वाटत होती.

प्लेअर नीट चालतो का बघायला इस्माईलभाईंनी एक रेकॉर्ड लावली. मला वाटलं मशीन पुन्हा बिघडलं. गाणं सुरूच होईना. नुसता एक ठोका, पोटात बसणारा, आणि त्याच्यावर पत्र्यावर चणे पडावेत तसे बारीक आवाज. मग कुणीतरी नळात तोंड घालून बोलल्यासारखं काहीतरी बोललं. इस्माईलभाईंची आई सुपात तांदूळ निवडत होती. तिने विचारलं, ह्याच्यात माणूस कुठे आहे? तू मात्र प्लेअरजवळ उकिडवा बसला होतास आणि तुझं तोंड उघडं होतं.

"ताई," तू म्हणालास, "हे कुणी वाजवत नाहीये. हे सर्किट वाजतंय."

इस्माईलभाई म्हणाले, त्यांची बोट अमेरिकेतल्या बंदरात माल उतरेपर्यंत कितीतरी दिवस उभी होती. तिथे रस्त्याच्या कोपऱ्यावर पोरं पुठ्ठे अंथरून ह्याच्यावर नाचायची. कसं, असं तू विचारलंस. तो भला थोरला दाढीवाला माणूस लुंगी सावरून उठला, एक हात बाजूला ताठ धरला आणि बोटांपासून खांद्यापर्यंत, मग दुसऱ्या खांद्यापासून बोटांपर्यंत अशी एक लाट नेली. त्यांची आई हसून हसून सूप सांडायच्या बेतात आली. तू हसला नाहीस. म्हणालास, परत दाखवा.

परत निघताना चार रेकॉर्ड तुझ्याकडे होत्या, कॅसेटवर भरून घेण्यासाठी. त्या परत द्यायला गेलास तर ते म्हणाले, ठेव, मी बोटीवर काय ऐकू.

मग तुझे ते दिवस सुरू झाले, मिलिंद. धरणाचं काम चालू असताना बांधलेली एक शेड होती आपल्या वाडीच्या आणि अलोरे कॉलनीच्या मधे. शेड गेली, कोबा राहिला. काँक्रीटचा, गुळगुळीत, वर आभाळ. दुकानातले टीव्हीचे पुठ्ठ्याचे खोके तू उलगडून डोक्यावरून आणायचास. टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. कॉलनीतल्या ड्रायव्हरचा संजू पहिल्या दिवसापासून तुझ्याबरोबर होता. तुम्हाला शिकवणारं कुणी नव्हतं. इस्माईलभाईंचा एक हात, रेकॉर्डच्या कव्हरांवरचे फोटो आणि चिपळूणच्या व्हिडिओ पार्लरमध्ये दिसलेला एखादा तुकडा, यावरून तुम्ही बाकीचं शोधून काढलंत. फोटोत पाय वर आहेत, तर ते वर गेले कसे असतील, यावर तू आणि संजू भाताच्या शेताच्या बांधावर बसून वाद घालायचात.

कोपरं सोलून यायची. आई हळद लावायची आणि बडबडायची. डोक्यावर फिरायला लागलास तेव्हा तू आबांची जुनी माकडटोपी पळवलीस आणि आत फडकी कोंबलीस. लोकांना वाटतं तू आंधळेपणानं डोकं आपटत होतास. मी बघितलंय, आधी नुसतं डोक्यावर उभं राहायला तू किती आठवडे घेतलेस. आधी भिंतीला टेकून, मग भिंतीशिवाय, मग अर्धी गिरकी. मान दुखली की त्या दिवशी बंद. संजू घाई करायचा तर त्याला खाली बसवायचास. हे मी आज विहिरीवरच्या बायकांना सांगितलं. त्यांनी कळशा उचलल्या.

मीही शिकले, हे कुणाला माहीत नाही असं नाही, पण कुणी बोलत नाही. हाताची लाट, मान जागच्या जागी सरकवणं, यंत्रासारखं थांबत थांबत चालणं. स्वयंपाकघरात, चुलीसमोर, तू ताटावर ठेका धरायचास. बालवाडीतली मुलं रडायला लागली की मी ती लाट करायचे आणि ती गप्प व्हायची. अजून करते. परवाही केली.

आबांशी झालेलं तुझं भांडण मी ओटीवरून ऐकलं. आबा आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, वाडीच्या मंडळाचे चिटणीस. आवाज न चढवता बोलणारे. ते म्हणाले, "तुझा आजा शिमग्यात गावकीच्या दारोदार वाजवत फिरायचा. वाजवायचा आणि नाचायचा. लोक ओटीवरून खाली टाकायचे ते उचलून घरी आणायचा. छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा त्यानं वाजप खाली ठेवलं, ते मरेपर्यंत हातात घेतलं नाय. उपाशी राह्यला पण घेतलं नाय. आणि तू लोकांपुढं जमिनीवर लोळतोस?"

तू आत गेलास आणि रेकॉर्डचं कव्हर आणून त्यांच्यापुढे ठेवलंस. विटांची भिंत, पुठ्ठा, त्यावर एक पोरगा उलटा, आणि भोवती त्याच्याच वयाची पोरं. आबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. आबा सगळी साप्ताहिकं वाचणारे, त्यांना ती पोरं कोण हे सांगावं लागलं नाही. म्हणाले, ह्यांच्या बापजाद्यांनाही गोऱ्यांनी असंच नाचवलं.

"नाचवलं, आबा," तू म्हणालास. "हे नाचतायत. बघा ना, भोवती कोण उभं आहे. त्यांचीच पोरं. ओटीवरून खाली टाकणारा हाय का कोण ह्याच्यात?"

आबांनी कव्हर तुला परत दिलं आणि म्हणाले, चहा निवतोय. त्यानंतर या विषयावर तुम्ही दोघं कधीच बोलला नाहीत. तू सरावाहून आलास की ते पेपर वर धरायचे. मला वाटायचं, कधीतरी बोलतील. घाई काय आहे, असंही वाटायचं.

पुढच्या जयंतीला तू कार्यक्रमात नाव दिलंस. गंगारामनानांनी ते काढलं. नाना वाडीतले सगळ्यांत वडील, विहार उभा राहिला तो त्यांच्या खटपटीने, हे मी आजही मानते. ते म्हणाले, त्या दिवशी असलं काही नको. तू वाद घातला नाहीस. मिरवणूक वाडीतून निघून रस्त्याला लागली, पुढे लेझीम, मागे बायका. तू आणि संजूने मिरवणुकीच्या अगदी शेवटी, दुपारच्या उन्हात, रस्त्यावर पुठ्ठा टाकला आणि टेप चालू केला. आधी पोरं वळली. मग बायका वळल्या. बघता बघता गोल झाला. नाना पुढून परत आले आणि म्हणाले बंद कर. तेव्हा आपली सखूआत्या, जी नानांपुढे कधी पदर खाली येऊ देत नाही, ती म्हणाली, "राहू दे की नाना. बघू तरी काय करतो तो."

तू केलंस. हातांची लाट, पाठीवरची गिरकी, आणि शेवटी माकडटोपी घालून डोक्यावर. पाय वर पसरून तू फिरत होतास. उभा राहिलास तेव्हा टाळ्या पडायच्या आधी सखूआत्याने पुढे होऊन तुझं कपाळ चाचपलं आणि विचारलं, चक्कर नाय येत काय रे? तू म्हणालास, बघणाऱ्याला येते. मग जो हशा आणि टाळ्या झाल्या त्या पुढच्या लेझीमवाल्यांनाही ऐकू गेल्या. नाना तेवढे हसले नाहीत. आणि आबा कुठे होते, ते मी तुला कधी सांगितलं नाही. विचारलंही नाहीस तू. ते गोलाच्या बाहेर, चिंचेखाली, ट्रंक खाली ठेवून थांबलेल्या एका मुंबईकराच्या मागे उभे होते. बघत होते.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अजून संपलेलं नाही, तू मधेच उठून गेलास म्हणून मी ते सोडणार नाही.

रत्नागिरीच्या नृत्यस्पर्धेला मीच तुझं नाव पाठवलं. तू नको म्हणत होतास. तू आणि संजू असे नाचलात की मागच्या रांगेतली पोरं खुर्च्यांवर चढली. निकालात तुमचं नाव कुठेच नव्हतं. मी परीक्षकांना जाऊन विचारलं तर त्यातले एक म्हणाले, मुलं चपळ आहेत, पण ही कसरत आहे, नृत्य नव्हे. परतीच्या गाडीत मी त्या माणसाला शिव्या देत होते आणि तू भुईमुगाच्या शेंगा खात होतास. हातखंब्यापासून आपण भांडायला लागलो ते सावर्डे येईपर्यंत. तू म्हणालास, "ज्यांना हे काय आहे तेच ठाऊक नाही, त्यांच्याकडून नंबर कशाला घ्यायचा ताई?" मी म्हटलं, कारण नंबर द्यायची जागा त्यांनी धरलेली आहे, आणि आपण मागितला नाही तर ते समजतात आपल्याला नकोच होता. तू म्हणालास, आपला गोल आपल्याला पुरे. मी म्हटलं, आबांनीही लहानपणी असंच म्हणून शाळेत बसायचं सोडलं असतं तर? तू शेंगांची टरफलं खिडकीबाहेर टाकलीस आणि म्हणालास, तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.

अर्थ होता, मिलिंद. माझंच बरोबर होतं. आजही बरोबर आहे. तुझा गोल तुला पुरला असेल, पण आज वाडीत जे बोललं जातंय ते कसरतवाल्याबद्दल बोललं जातंय. पोरगं उड्या मारायचं, मेलं. त्या दिवशी त्या माणसाने नृत्य म्हटलं असतं तर लोकांना एवढं सहज बोलता आलं नसतं. आणि तरी, त्या गाडीत तू ज्या शांतपणे शेंगा खात होतास, तो शांतपणा माझ्यात कधी येणार नाही हेही मला कळतं. हरल्यासारखं तुला वाटलंच नव्हतं. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी तू कोब्यावर होतास, वाडीतल्या सात-आठ पोरांना घेऊन. त्यातल्या एकालाही रत्नागिरीत काय झालं ते तू सांगितलं नाहीस.

दवाखान्यातले दिवस मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तुला आवाज सहन होत नव्हता. चमचा वाजला तरी तू कपाळाला आठ्या घालायचास. मी टेप बरोबर नेला होता, शुद्धीवर आलास की हळू लावीन म्हणून. तो मी कॉटखाली ठेवला आणि तसाच परत आणला. आबा व्हरांड्यात बसून असायचे. एकदा मी बाहेर आले तर ते भिंतीशी बोलल्यासारखं म्हणाले, बरा झाला की मी जाईन एकदा त्या शेडीवर. मी ते तुझ्या कानात सांगितलं. तुला कळलं की नाही, मला माहीत नाही. कळलं असं मी धरून चालते. तो माझा हक्क आहे.

परवा विहारात तुझी शोकसभा झाली. वंदना झाली, मग नाना बोलायला उभे राहिले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं, खोटं नाही सांगत. तुझा जन्म झाला तेव्हाचं सांगितलं, घराघरातले रेडिओ तू कसे फुकट दुरुस्त करून दिलेस ते सांगितलं. आणि मग म्हणाले, "पोर गुणी होता. पण त्या डोक्यावरच्या नाचानं त्याला नेला. आता तरी बाकीच्या पोरांनी शहाणं व्हावं. आईबापांनी लक्ष घालावं."

मी उठणार होते. माझ्या आधी आबा उभे राहिले.

"नाना," ते म्हणाले, "डॉक्टरांचा शब्द मी ऐकलाय. तुम्ही नाय. माझा मुलगा तापानं गेला. तो नाचायचा. मला ते आवडत नव्हतं. आज तो गेला म्हणून आवडतं असं मी बोलणार नाय. पण तो कुणाच्या दारात नाचला नाय, आणि कुणी टाकलेलं त्यानं उचललं नाय. त्याच्या मरणाचं कारण तुम्ही बदलू नका."

एवढं बोलून ते बसले. मग मी उठले आणि सांगितलं की रविवारी दुपारी चार वाजता विहाराच्या अंगणात टेप लावणार आहे. ज्याला नाचायचं आहे त्याने यावं. ज्याला बघायचं आहे त्याने यावं. नाना म्हणाले, सुतक आहे घरात. आबा म्हणाले, आपण सुतक पाळायचं सोडलं त्याला किती वर्षं झाली, नाना?

तो रविवार आज होता.

सगळी पोरं आली असं मी लिहिणार नाही. आली नाहीत. अर्ध्या घरांची दारं बंद होती. संजू पुठ्ठे घेऊन कॉलनीतून चालत आला, डोळे सुजलेले. वाडीतली चौघं आली. सखूआत्या आली, जमिनीवर पाय पसरून बसली. आबा विहाराच्या पायरीवर बसले, हातात पेपर नव्हता. आईला मी विहाराच्या दाराशी बसवलं. गोल काही झाला नाही, एका बाजूला मोठी फट राहिली. त्या फटीत कुणीतरी उभं राहायला हवं म्हणून मी उभी राहिले. मग नुसतं उभं राहून भागेना म्हणून पुठ्ठ्यावर गेले. बालवाडीची बाई, तिशी जवळ आलेली, नऊवारीतल्या बायकांसमोर. हात ताठ धरला आणि लाट नेली. थांबत थांबत चालले. पदर खोचला होता. कुणी हसलं नाही. हसले असते तरी मी थांबले नसते.

संजू आत आला तेव्हा समोरच्या ओटीवरून नानांनी हाक मारली. रागाने नव्हे, थकून मारली. म्हणाले, सुमन, आवाज जरा बारीक कर गो.

मी टेपकडे गेले नाही. सगळे थांबले. तेव्हा आई उठली. तू गेल्यापासून ती कुणाशी धड एक वाक्य बोललेली नाही, जेवणसुद्धा मी भरवते तेव्हा जेवते. ती दाराशी बसली होती, तिथून अंगण ओलांडून टेपपाशी आली, वाकली, आणि त्या सगळ्या बटणांकडे बघत राहिली. आयुष्यात तिने त्या टेपला कधी हात लावला नव्हता.

"आवाजाचं कुठलं गो?" तिने मला विचारलं.

मी दाखवलं. तिने ते धरलं आणि जाईल तिथपर्यंत वर फिरवलं.